‘का?’ विचारणारा किरिकू

मागील हिवाळ्यात एका रविवारी वसतिगृहातील मुलांना ‘किरिकू आणि चेटकीण’ हा फ्रेंच ॲनिमेशनपट दाखवला. भाषा परकी असल्याने मध्येमध्ये थांबवून मी मराठीत कथा सांगत होतो. पुढच्या भेटीच्या दिवशी एका पालकांनी मला गाठले. म्हणाले, “सर, बाबासाहेबांनी आम्हाला जादूटोण्यातून बाहेर काढलं आणि तुम्ही आमच्या पोरांना चेटकिणीचा सिनेमा दाखवता?” प्रश्न रास्त होता. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सर्वांसमोर देणे मला उचित वाटते.

मिशेल ओसेलो या दिग्दर्शकाचा हा चित्रपट 1998 सालचा. म्हणजे धुळ्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षीचा. ओसेलो यांचे बालपण पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात गेले आणि कथाही त्याच प्रदेशातील लोककथेवर बेतलेली आहे. किरिकू हे वीतभर उंचीचे, जन्मताच बोलू लागणारे मूल. गावाचा झरा आटला आहे आणि गावातले पुरुष नाहीसे झाले आहेत. कराबा नावाच्या चेटकिणीने झरा आटवला, पुरुषांना खाल्ले, असे सारे गाव मानते. किरिकू मात्र एकच प्रश्न विचारत राहतो : कराबा दुष्ट का आहे? मोठी माणसे त्याला गप्प बसवतात.

तो स्वतः झऱ्याच्या उगमात शिरतो, तेव्हा तेथे सारे पाणी पिऊन फुगलेला एक प्राणी सापडतो. पाणी शापाने अडत नाही, ते कोणीतरी अडवलेले असते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या पिढीच्या वारसांना हे वेगळे सांगावयास नको. पुढे डोंगरातील आजोबांकडून त्याला कळते की कराबाने कोणालाही खाल्लेले नाही. काही पुरुषांनी तिला धरून तिच्या पाठीत विषारी काटा रुतवला आहे. तिची जादू आणि तिची अखंड वेदना, दोन्ही त्या काट्यातून आली आहेत. किरिकू आजोबांकडे संरक्षणासाठी ताईत मागतो. आजोबा देत नाहीत. ताईत नसणे हेच तुझे बळ, असे समजावतात. अखेर तो मुलगा आपल्या दातांनी तो काटा उपटतो.

येथे मला दीघनिकायातील केवट्ट सुत्त आठवते. नालंदा येथे केवट्ट नावाच्या गृहस्थाने तथागतांना विनंती केली की भिक्खूंकडून चमत्कार करवावेत, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागतांनी ती नाकारली आणि शिकवणूक हाच श्रेष्ठ चमत्कार मानला. जादूला प्रतिजादू हे उत्तर नव्हे. तिचे उत्तर प्रश्न विचारणे हे आहे.

हे सारे आपल्यासाठी करमणुकीपुरते नाही. अक्कलकुवा, अक्राणीच्या पाड्यांवर एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवल्याच्या, तिला मारहाण झाल्याच्या, गाव सोडावयास लावल्याच्या बातम्या आजही येतात. मूल दगावते, जनावर मरते, दवाखाना दूर असतो. मग बोट एखाद्या एकाकी विधवेकडे वळते. कधी तिच्या वाट्याच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो. हा दोष केवळ आदिवासी बांधवांचा, असे समजण्याचेही कारण नाही. करणी आणि भानामतीचे भय आपल्या शिकलेल्या वस्त्यांतही आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच शासनाने वटहुकूम काढला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु कायदा बहुधा मारहाणीनंतर पोहोचतो. पहिला संशय पारावर कुजबुजला जातो, तेव्हा तेथे ‘का?’ विचारणारा कोणीतरी असावा लागतो.

पालकांच्या आक्षेपात एक गोष्ट खरी आहे, ती मी मान्य करतो. चित्रपटातील कराबाकडे खरोखरच जादू आहे. आपल्या पाड्यावरच्या बाईकडे मात्र काहीच नसते. शेवटी किरिकू एका चुंबनाने क्षणात तरुण होतो, तेही मला पटलेले नाही. म्हणून चित्रपट लावून शिक्षकाने निघून जाऊ नये; हा भेद मुलांना समजावून द्यावा. त्या दिवशी तो दिल्यानंतर सातवीतील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्या गावातल्या एका म्हातारीशी कोणी बोलत नाही. सुट्टीत मी तिच्याकडे जाऊ?” मी म्हणालो, “जा. आईलाही सोबत ने.”

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी कोणी परिचारिका आहे, कोणी ग्रामसेवक, कोणी पोलीस, कोणी शिक्षक. गावी गेल्यावर अशा एखाद्या घराचा उंबरा आपणही ओलांडावा. या शाळेचे ऋण फेडण्याचा याहून योग्य मार्ग मला दिसत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!