सोळा प्रकार आणि छत्तीस गुण

गेल्या हिवाळ्यात परिचयातील एक कुटुंब आमच्या घरी भोजनास आले होते. त्यांची कन्या उच्चशिक्षित, नोकरीत स्थिरावलेली. विवाहाचा विषय निघताच ती म्हणाली, "काका, मुलगा चांगला होता, पण आमची अक्षरे जुळत नव्हती." ही अक्षरे मायर्स-ब्रिग्ज चाचणीची. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्या घराने पत्रिका पाहिली नाही, त्या घरात चार अक्षरांवरून स्थळ नाकारले गेले, याची मला खंत वाटली.

कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज व इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी ही चाचणी घडविली. दोघींचेही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. माणूस अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने चालणारा की भावनेने, अशा चार जोड्यांतून सोळा प्रकार होतात. परंतु बहुसंख्य माणसे दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यास अनेकांचा प्रकार बदलतो. रक्ताच्या तपासणीत असे घडले, तर आम्ही डॉक्टर त्या अहवालावर उपचार ठरविणार नाही.

स्वभावाचा सहजीवनावर काहीच परिणाम होत नाही, असे माझे म्हणणे नाही. सतत चिंता वा उदासीनता असेल, तर संसारात समाधान कमी आढळते. परंतु त्यावर उपचार होऊ शकतात. २०२० साली सामंथा जोएल व सहकाऱ्यांनी ४३ अभ्यासांतील ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र तपासली. जोडीदाराची बांधिलकी जाणवते का, आपली कदर होते का, भांडणे किती होतात, यांवरून नात्यातील समाधानाचा अंदाज व्यक्तिगत गुणांपेक्षा कितीतरी अधिक चांगला करता आला.

माझाच अनुभव सांगतो. मी अबोल, पत्नी बोलकी. रात्रपाळीवरून आल्यावर मी गप्प बसे आणि "माझा स्वभावच असा" म्हणून सुटका करून घेई. ती घरकामातून व उत्तर देण्यातून पळवाट होती. पत्नीने ती चालू दिली नाही, म्हणून आमचा संसार टिकला. त्या वेळी चार अक्षरे हाती असती, तर मला आणखी एक सबब मिळाली असती.

अंगुत्तर निकायात नकुलपिता व नकुलमाता हे वृद्ध दांपत्य पुढील जन्मीही एकमेकांची सोबत लाभावी, अशी इच्छा बुद्धांपुढे व्यक्त करते. तेव्हा दोघांनी श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा यांत समान असावे, असे भगवान सांगतात. या चारांपैकी एकही गुण जन्माने ठरत नाही. प्रत्येक गुण प्रयत्नाने वाढतो. जन्माने चिकटलेला शिक्का नाकारणाऱ्या आपल्या समाजाने हे विसरू नये.

तरुणांनी चाचणी अवश्य द्यावी. गप्पांना विषय मिळेल. निर्णयासाठी मात्र दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भेटावे. मतभेद झाला तर तो कसा बोलतो, चूक झाल्यास ती क्षमा मागते का, दोघेही कामावरून थकून आल्यावर स्वयंपाकघरात कोण उभे राहणार, हे विचारावे. पालकांनीही त्या दिवशी माझ्या मित्राप्रमाणे गप्प राहू नये. मीही त्या दिवशी गप्पच राहिलो. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले माझे उत्तर आहे.