विश्लेषण : माधवानल-कामकंदलेच्या कथेला ‘दुसरा भाग’ का हवा?

गोंदियाहून रेल्वेने आमगाव, सालेकसा, दरेकसा मागे टाकले की जंगलातच राज्य बदलते. बोरतलाव, पनियाजोब आणि मग डोंगरगड. बम्लेश्वरीच्या दर्शनासाठी नवरात्रात गोंदिया-भंडाऱ्यातून या मार्गाने मोठी गर्दी जाते. याच डोंगराशी माधवानल आणि कामकंदला यांची मध्ययुगीन प्रेमकथा जोडलेली आहे. जुन्या प्रेमकथांवर किशोरांसाठी अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि त्यांचे पुढचे भाग जगभर लिहिले जात असताना घराजवळच्या या कथेचा विचार मराठीत व्हायला हवा.

कथा नेमकी काय?

माधवानल हा पुष्पावतीचा ब्राह्मण तरुण. त्याच्या वादनाने नगरातल्या स्त्रिया कामधाम विसरतात, म्हणून राजा त्याला हद्दपार करतो. तो कामसेन राजाच्या कामावतीत येतो. दरबारात नाच सुरू असतो आणि त्याला आत प्रवेश नसतो. दाराबाहेरूनच तो सांगतो, की मृदंग वाजवणाऱ्यांपैकी एकाला अंगठा नाही, म्हणून ताल चुकतो आहे. ते खरे निघते आणि त्याला आत बोलावले जाते. राजनर्तकी कामकंदला नाचत असताना तिच्या छातीवर भुंगा बसतो. लय न मोडता ती केवळ श्वासाच्या झोताने त्याला उडवते. हे कसब एकट्या माधवानलला कळते. राजाने दिलेली भेट तो तिथेच तिला देऊन टाकतो. राजाला हा अपमान वाटतो आणि त्याला पुन्हा हद्दपारी घडते.

माधवानल उज्जैनला जातो. त्याचे दुःख विक्रमादित्याला कळते आणि विक्रम कामसेनावर चालून जातो. पण दोघांची भेट घडवण्याआधी प्रेम खरे आहे का, हे त्याला पाहायचे असते. माधवानल मेला, अशी खोटी बातमी तो कामकंदलेला देतो. ती प्राण सोडते. ते ऐकून माधवानलही जातो. हादरलेला विक्रम स्वतः मरायला निघतो, तेव्हा वेताळ अमृत आणतो आणि दोघे जिवंत होतात. डोंगरगडच्या सांगण्यात कामकंदला पायथ्याच्या तलावात उडी घेते आणि वेताळाच्या जागी देवी प्रकट होते.

कथेचे ‘मूळ’ रूप कोणते?

एकच असे नाही. सोळाव्या शतकात गणपती कवीने ती जुन्या गुजरातीत लिहिली, जैन मुनी कुशललाभाने राजस्थानीत. अकबराच्या काळात, १५८० च्या दशकात, आलमने तिच्यावर अवधी काव्य रचले. अठराव्या शतकात बुंदेलखंडच्या बोधाने तिला ‘विरहवारीश’ हे रूप दिले. कटनी जिल्ह्यातील बिलहरीही या कथेवर हक्क सांगते. प्रत्येकाने आपल्या श्रोत्यांकडे पाहून काही गाळले, काही वाढवले. कुणी पूर्वजन्म जोडला, कुणी शाप. त्यामुळे ‘मूळ कथेला हात लावू नका’ हा आक्षेप इथे टिकत नाही. हात लागत गेले म्हणूनच ती उरली.

मराठी वाचकालाही ही माणसे परकी नाहीत. बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ मध्येच मराठी ‘सिंहासन बत्तीशी’ निघाली होती. विक्रम आणि वेताळ तर आपल्या घरातलेच. राज्याची सीमाही अलीकडची आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत गोंदिया आणि डोंगरगड एकाच राज्यात होते.

पुढचा भाग लिहिणे ही आजची बाजारू युक्ती आहे का?

नाही. युरोपातील ट्रिस्टन आणि इसोल्डची कथा पाहा. जर्मन कवी गॉटफ्रीडचे १२१० च्या सुमारासचे काव्य अपुरे राहिले. त्याच शतकात उलरिख आणि हाइनरिख या दोन कवींनी स्वतंत्रपणे ते पुढे नेले. दोन्ही कथांतील एक साम्य चकित करणारे आहे. जखमी ट्रिस्टन इसोल्डच्या जहाजाची वाट पाहत असतो. ती येत असेल तर शीड पांढरे, नसेल तर काळे, असे ठरलेले असते. जहाज पांढऱ्या शिडाने येते, पण त्याची पत्नी मत्सरापोटी शीड काळे असल्याचे सांगते. तो मरतो, पाठोपाठ इसोल्ड. दोन्हीकडे जीव घेते ती खोटी बातमी. तिकडे मेलेले परत येत नाहीत. आपल्याकडे येतात, आणि कथा तिथेच थांबते.

मग दुसऱ्या भागात काय असावे?

माझ्या मते नवी कथा नेमकी इथून सुरू व्हावी. डोळे उघडल्यावर कामकंदलेला कळते, की तिचा जीव शत्रूमुळे गेला नव्हता. ज्याने तिच्यासाठी युद्ध केले, त्याच उपकारकर्त्याच्या परीक्षेने तो घेतला होता. ती विक्रमाला काय विचारेल? जुन्या कथेत या प्रश्नाला जागा नाही. तिथे तिचे मरण हाच प्रेमाचा पुरावा आहे आणि राजा न्यायी ठरतो.

पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. प्रेम ‘तपासण्यासाठी’ फोन बंद ठेवणे, मित्राकरवी खोटा निरोप धाडणे, जीव देण्याची भाषा करणे हे त्यांच्या आसपास घडते. मरण म्हणजे प्रेमाची पावती, असे सांगणारी कथा त्यांच्या हाती तशीच देणे बेजबाबदारपणाचे आहे. आणि ती लपवून ठेवणे व्यर्थ, कारण यात्रेत ती ऐकू येतेच. तिला पुढे नेणे हाच मार्ग उरतो. वेताळ असावा, अमृत असावे, जादूचा मृदंगही असावा. पण परत मिळालेल्या आयुष्याचे काय करायचे, हे कामकंदलेने ठरवावे.

यात धोका कोणता?

बम्लेश्वरी ही आजची श्रद्धा आहे, कादंबरीतले पात्र नव्हे. त्याच रेल्वेमार्गावर दरेकशाजवळचे कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. ‘स्थानिक रंग’ म्हणून तिथल्या परंपरा उचलून फँटसीत कोंबू नयेत. माधवानल-कामकंदला ही कवींनी मोकळेपणाने हाताळलेली प्रेमकथा आहे. लेखकाने तेवढेच स्वातंत्र्य घ्यावे.

हे लिहिणार कोण?

१९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकात अशी कथा क्रमशः येऊ शकते. त्याहून जवळचा रस्ता झाडीपट्टी रंगभूमीचा आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात आणि तिकीट काढून तरुण ती पाहतात. संगीत, नाच आणि चमत्कार या प्रेक्षकाला नवे नाहीत. झाडीबोलीत बोलणारी कामकंदला भर दरबारात विक्रमादित्याला ‘खोटं काहून सांगितलं?’ असे विचारते, एवढा एक प्रवेश जरी लिहिला गेला, तरी दुसऱ्या भागाची सुरुवात झाली म्हणता येईल.