जिल्हा गेला, किल्ला राहिला : नळदुर्गनं आता मागायचं काय?

नळदुर्ग : उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. नावावरून बरीच वर्षं वाद चालला, बाजू घेऊन माणसं भांडली. पण उस्मानाबादच्याही आधी या जिल्ह्याचं नाव नळदुर्ग होतं, हे आपल्या भागातल्या तरुण पोरांना फारसं माहीत नाही. निजामाच्या राज्यात जिल्ह्याचं ठिकाण नळदुर्ग. १९०४ मध्ये ते इथून हललं. त्यामुळं त्याआधीच्या जुन्या कागदावर ‘जिल्हा नळदुर्ग’ दिसलं तर गोंधळून जायचं कारण नाही, तो आपलाच जिल्हा.

आज नळदुर्गला नगरपरिषद आहे, पण तालुक्याचं ठिकाण तुळजापूर. म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर. जळकोटकडच्या माणसाला त्याहून जास्त. एका सहीसाठी दिवस मोडतो, आणि साहेब मीटिंगला गेले असतील तर दुसराही मोडतो. लोहारा, वाशी हे तालुके झाले. नळदुर्गची मागणी मात्र जुनीच आहे आणि अजून मागणीच आहे.

कचेरी गेली की काय जातं?

कचेरी एकटी जात नाही. तिच्यामागं वकील जातात, अर्ज लिहिणारे जातात, खानावळी जातात, एसटीच्या फेऱ्या जातात. मग मोठी शाळा, मोठा दवाखानाही तिकडंच होतो. बाजाराच्या गावाला नुसता आठवडी बाजार उरतो. नळदुर्गचं तेच झालं.

आणि हे गाव काही साधं नव्हतं. १८५३ च्या करारात निजामानं वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. फौजेच्या खर्चाचं देणं अंगावर होतं म्हणून. तेव्हा इथं अधिकारी म्हणून मेडोज टेलर आला. ठगांवरच्या कादंबरीमुळं इंग्लंडात नाव झालेला हा लेखक १८५७ पर्यंत नळदुर्गचा कारभार बघत होता. १८६० ला मुलूख परत निजामाकडं गेला.

पुढं १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा पहिली लढाई नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला म्हणून रणगाडे जळकोटवरून त्याच दिवशी दुपारी उमरग्यापर्यंत पोचले. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन म्हणून झेंडावंदन होतं, त्याची सुरुवात आपल्या पुलावर झाली, हे पोरांना शाळेत सांगायला पाहिजे.

राहिलं ते काय?

राहिला तो किल्ला. बोरी नदीचं पात्र वळवून तटाला भिडवलेलं, शंभरावर बुरुज, लांबून दिसणारा उपळी बुरुज, पाकळ्या-पाकळ्यांचा नवबुरुज. आणि सगळ्यात नवलाचा पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. पूर आला की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळतं, आणि आत महालात माणूस कोरडा उभा. चारशे वर्षं हे बांधकाम टिकलं आहे. आपल्याकडं कालचा पाझर तलाव यंदा गळतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अडचण अशी, की नर-मादी वाहतात ते वरचं बोरी धरण भरल्यावर. पाऊस चांगला तर धबधबा, आणि धबधबा तर गर्दी. गर्दीची माणसं तास-दोन तास थांबतात, फोटो काढतात, हायवेला लागतात आणि जेवतात सोलापुरात. गावात पैसा थांबत नाही. दुष्काळी वर्षी तर शेतकऱ्याचंही पाणी जातं आणि दुकानदाराचंही गिऱ्हाईक.

खरं बघितलं तर जागा मोक्याची आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग दारात, तुळजापूरहून अक्कलकोटला जाणारा भाविक इथूनच जातो. त्याला बाराही महिने दोन तास थांबवायचं, एवढंच काम आहे. त्यासाठी धबधब्याची वाट बघायची गरज नाही. इतिहास नीट सांगणारी गावातली दहा पोरं, स्वच्छ संडास, गाडी लावायला जागा, बचत गटाच्या बायांची ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. याला काही कोटींची योजना लागत नाही.

देव वाटून घेतला, मग कचेरी का नाही?

वाटून घेणं या भागाला नवं नाही. अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर, दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने मैलारपूरला. दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात आणि ठरल्या दिवशी देव निघतो. देवाचं जमतं, तर सरकारी कामाचं का जमू नये? तालुका होईल तेव्हा होईल. तोवर मोजणी, नोंदणी, दाखले, फेरफार यांचे वार ठरवून अधिकारी नळदुर्गात पूर्ण अधिकारानं बसले, तर आसपासच्या गावांचा अर्धा त्रास कमी होईल.

आता निवडणुकीत पुढारी येतील तेव्हा ‘तालुका करू’ एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. दोन गोष्टी लेखी मागा. एक, नळदुर्गात बसणाऱ्या कामांची यादी आणि त्यांचे वार. दोन, किल्ला राज्य सरकारच्या संरक्षणाखाली आहे, तर त्याच्या तिकिटाचा आणि डागडुजीचा हिशेब दरवर्षी गावासमोर यावा आणि तिथल्या कामाला आधी गावातला माणूस लागावा. जिल्हा परत येणार नाही. पण किल्ला कुणी दुसरीकडं हलवू शकत नाही, आणि गावाच्या हातात हेच एक आहे.