ताल धरणारानें गप्प बसावें काय?

सुरांस मान आणि तालास काम, अशी एक वांटणी आमच्या सुशिक्षित वर्गानें मनांत पक्की करून ठेविली आहे. मैफल संपली म्हणजे आम्ही गवयाच्या गळ्याविषयीं घर येईपर्यंत बोलतों. तबलजीविषयीं बोललोंच तर 'साथ बरी केली' एवढ्यावर आटोपतों. आपल्या घरच्या वाद्यांची ही स्थिति. मग परक्या देशांतील जॅझ नांवाच्या संगीतांत मागें बसून ढोल आणि झांजा वाजविणाऱ्या माणसाविषयीं आमचें मत काय असावयाचें! तो गोंगाट करणारा मनुष्य. त्याला चरित्र कसलें, आणि असलेंच तर एखाद्या वाङ्मयविषयक मासिकानें त्यावर पानें कां खर्चावीं, असें पुष्कळांस वाटेल. हा लेख त्यांच्यासाठींच आहे.

मॅक्स रोच या अमेरिकन ड्रमवादकाच्या जन्मास २०२४ सालीं शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्याचें नांव निघालें म्हणजे जे आक्षेप ऐकूं येतात ते मुख्यतः तीन आहेत. पहिला, ड्रम वाजविणारा हा काळ मोजणारा कामगार आहे, कलावंत नव्हे. दुसरा, जॅझ हें नाचघरांतील करमणुकीचें संगीत असल्यामुळें तें गंभीर टीकेस पात्र नाहीं. तिसरा, रोच हा चांगला वादक असेलहि, पण त्यानें कलेंत राजकारण आणलें व कला नासविली. पहिले दोन आक्षेप आम्हांस अज्ञानमूलक वाटतात. तिसरा घातकहि वाटतो.

प्रथम पहिला आक्षेप घेऊं. तालवाद्यांत अर्थ नसतो असें मानणारांनीं अमेरिकेचा इतिहास पाहावा. दक्षिण कॅरोलिनांत १७३९ सालीं स्टोनो नदीच्या कांठीं गुलामांनीं बंड केलें. बंडवाले ढोल वाजवीत चालले होते. पुढल्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें जो कायदा केला, त्यांत गुलामांस ढोल व शिंगें वाजविण्याची मनाई करण्यांत आली. ज्या वाद्यांत अर्थ नाहीं त्या वाद्यास राज्यकर्ते भीत नाहींत. हातांतला ढोल गेला तेव्हां त्या लोकांनीं टाळ्या, मांड्या आणि पावलें यांवर ताल जागता ठेविला. पुढें जॅझमध्यें जो ढोल पुन्हां वाजूं लागला, त्याच्या मागें ही हकीकत आहे.

त्या ढोलाची रचनाहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. लष्करी बँडांत मोठा ढोल एकाकडे, लहान ढोल दुसऱ्याकडे आणि झांजा तिसऱ्याकडे, अशी व्यवस्था असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं पायानें मोठा ढोल वाजविण्याची सोय झाली. विल्यम लडविग यानें १९०९ सालीं केलेली पायपट्टी हा त्यांतील महत्त्वाचा टप्पा होय. त्यानंतर तिघांचें काम एकाच्या अंगावर आलें. दोन हात आणि दोन पाय यांनीं चार निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळीं करावयाच्या, आणि चारी मिळून एकच बोलणें झालें पाहिजे, ही या वाद्याची अट आहे. ज्यांस हें कामगाराचें काम वाटतें त्यांनीं घटकाभर चौरंगावर बसून तें करून पाहावें.

रोचचा जन्म १९२४ च्या जानेवारींत उत्तर कॅरोलिनांत झाला. तो चार वर्षांचा असतां त्याचें कुटुंब न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत येऊन राहिलें. आई चर्चमध्यें भक्तिगीतें गात असे, आणि मुलगा दहा वर्षांचा झाला नाहीं तोंच चर्चच्या संगीतांत ढोल वाजवूं लागला. अठराव्या वर्षीं ड्यूक एलिंग्टन याच्या नामांकित वाद्यवृंदांत सॉनी ग्रीअर या वादकाच्या ऐवजीं बसण्याची संधि त्यास मिळाली. पण त्याचें खरें शिक्षण हार्लेममधील 'मिंटन्स प्लेहाऊस' व 'मन्रोज अपटाऊन हाऊस' येथील रात्रींच्या बैठकींत झालें. तेथें केनी क्लार्क या वादकानें एक नवी वाट पाडली होती. त्यानें मोठ्या ढोलावर सतत चालणारा ठेका काढून तो दांडीवर बसविलेल्या झांजेवर नेला. या एका फरकामुळें पाय आणि डावा हात मोकळे झाले. मोकळ्या झालेल्या अवयवांनीं काय बोलावयाचें, हें रोचनें पुढें दाखविलें. चार्ली पार्कर याच्याबरोबर १९४५ च्या नोव्हेंबरांत त्यानें 'को-को' ही चीज ध्वनिमुद्रित केली. मिनिटास सुमारें तीनशें मात्रा अशा लयींत ती चालते. आणि त्या वेगांतहि रोच केवळ मात्रा मोजीत बसत नाहीं. तो पार्करच्या वाक्यांस उत्तर देतो, मध्येंच त्यांस टोकतो, आणि वाक्य संपण्यापूर्वीं पुढल्या वाक्यासाठीं जागा करून ठेवितो. याला संवाद म्हणतात.

कोणी म्हणेल, संवाद असेल, पण स्वतंत्र रचना नव्हे. त्यास उत्तर म्हणून 'ड्रम्स अनलिमिटेड' ही १९६६ सालची तबकडी पुढें ठेवितां येईल. तींत तीन रचना निव्वळ एकट्या ड्रमच्या आहेत. त्यांपैकीं एकींत पायांनीं तीन मात्रांचें आवर्तन अखंड धरून ठेविलें आहे, आणि हात त्यावर एक लहानसें वाक्य मांडतात, तें परतवितात, वाढवितात, आणि शेवटीं मूळ ठिकाणीं आणून सोडतात. दुसरी रचना सिड कॅटलेट या आधींच्या पिढींतील वादकास वाहिलेली आहे. यांत एकहि सूर नाहीं. पण विषय आहे, विस्तार आहे आणि उपसंहार आहे. निबंधाकडून आपण याहून अधिक काय मागतों? ज्यांनीं अहमदजान थिरकवा यांचा स्वतंत्र तबला ऐकला असेल त्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडूं नये. थिरकवांनीं गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांची साथ केली, हें मराठी माणूस कौतुकानें सांगतो; तेच थिरकवा एकटे बसून पेशकार, कायदे आणि रेले मांडीत, तेव्हां तें ऐकणें ही स्वतंत्र विद्या आहे, हें मात्र त्याच्या ध्यानांत राहत नाहीं. ज्या कानांनीं घरच्यास ओळखलें नाहीं ते परक्यास काय ओळखणार!

आतां दुसरा आक्षेप. जॅझ म्हणजे नाचघर, हा आमचा समज कसा झाला याला कारण आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिओन ॲबी याचा कृष्णवर्णी वादकांचा वृंद आला. पुढें गोव्याच्या वादकांनीं तें संगीत आत्मसात केलें. आणि त्यांच्यापैकीं चिक चॉकलेट यांनीं सी. रामचंद्र यांच्या बरोबर केलेलें काम १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांतून घरोघर पोंचलें. आमच्यापर्यंत हें संगीत हॉटेल व चित्रपट या दोन दारांनींच आलें, म्हणून त्याला तेवढीच दोन दारें आहेत असें आम्ही समजलों. वास्तविक मिंटन्समधील मंडळींनीं जें संगीत घडविलें त्यावर नाचणें कठीण होतें. तें बसून ऐकावें अशीच त्यांची इच्छा होती. रोचनें मॅनहॅटन स्कूल ऑफ म्यूझिक या विद्यालयांत रचनाशास्त्राचा अभ्यास केला. ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राऊन याच्यासह १९५४ सालीं त्यानें जो पांच जणांचा संच उभारला, त्याच्या रचनांचा रेखीवपणा आजहि नमुना म्हणून दाखविला जातो. हा संच दोनच वर्षें टिकला. १९५६ च्या जूनमध्यें पेनसिल्व्हेनियांतील मोटार-अपघातांत ब्राऊन आणि पियानोवादक रिची पॉवेल हे दोघेहि गेले; ब्राऊनचें वय अवघें पंचवीस होतें. या आघातानें रोच खचला. तरी १९५७ सालीं त्यानें सबंध तबकडी तीन मात्रांच्या तालांत करून, चार मात्रांच्या चाकोरींतून जॅझ बाहेर पडूं शकतें हें दाखवून दिलें. १९७० सालीं त्यानें 'एम्बूम' हा केवळ तालवाद्यें वाजविणारांचा संच काढला. १९७२ सालीं तो ॲमहर्स्ट येथें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत प्राध्यापक झाला. १९८८ सालीं त्यास मॅकआर्थर फाउंडेशनचें मानाचें पारितोषिक मिळालें. पदव्या आणि पारितोषिकें हा कलेचा पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु जे लोक पदवी पाहिल्यावांचून कोणास खुर्ची देत नाहींत, त्यांच्या समाधानासाठीं एवढें सांगणें भाग पडलें.

तिसरा आक्षेप मात्र सविस्तर विचारास योग्य आहे. १९६० च्या फेब्रुवारींत उत्तर कॅरोलिनांतील ग्रीन्सबरो गांवीं चार कृष्णवर्णी विद्यार्थी गोऱ्यांसाठीं राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले. त्याच वर्षीं मार्चमध्यें दक्षिण आफ्रिकेंत शार्पव्हिल येथें पोलिसांनीं निदर्शकांवर गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसें मारलीं गेलीं. गुलामगिरीच्या मुक्तीचा शतसांवत्सरिक उत्सव १९६३ सालीं यावयाचा होता, आणि त्यासाठीं रोच व कवि ऑस्कर ब्राऊन हे एक दीर्घ रचना करीत होते. पण घटनांनीं त्यांस थांबूं दिलें नाहीं. 'वुई इन्सिस्ट' ही तबकडी १९६० सालींच ध्वनिमुद्रित झाली. तिच्या वेष्टनावर उपाहारगृहांत ठाण मांडून बसलेल्या कृष्णवर्णी तरुणांचें छायाचित्र आहे.

येथें आमचे कलावादी मित्र म्हणतात, 'पहा, हा प्रचार झाला.' कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा वाद फडके आणि खांडेकर यांच्या नांवांनीं मराठींत इतका गाजला आहे कीं, त्यांतील दोन्ही बाजूंचीं वाक्यें आम्हांस मुखोद्गत आहेत. पण त्या वाक्यांनीं हें संगीत मोजण्यापूर्वीं तें ऐकलें पाहिजे. पहिली चीज गुलामांच्या मुकादमावर आहे. ती पांच मात्रांच्या आवर्तनांत बांधली असून प्रत्येक आवर्तनाच्या समेवर एक कोरडा तडाखा बसतो. तो चाबकाचा आवाज आहे. संगीतांत समेवर येणें म्हणजे विसांवा. येथें समेवर आलें कीं फटका बसतो. गुलामाच्या दिवसाला विसांव्याची जागा नव्हती, हें सांगण्यासाठीं शब्दांची गरज उरली नाहीं. राजकारण येथें वरून चिकटविलेलें नाहीं, तें तालाच्या गणितांतच आहे. हा प्रचार असेल तर कला कशाला म्हणावें, हें आक्षेपकांनींच सांगावें.

त्याच तबकडींत गायिका ॲबी लिंकन आणि रोच या दोघांचीच एक तीन भागांची रचना आहे: प्रार्थना, प्रतिकार आणि शांति. तींत शब्द नाहींत. मधल्या भागांत गायिका सुमारें मिनिटभर किंचाळते. तें ऐकवत नाहीं, अशी तक्रार आम्ही ऐकली आहे, आणि ती खरीहि आहे. परंतु ती किंकाळी प्रार्थनेनंतर येते व शांतीपूर्वीं येते. तिचें स्थान आणि तिची लांबी ठरविलेली आहे. शोकांतिकेंत नायकाचा आक्रोश आम्ही रसिकतेनें सहन करितों, कारण तो राजा असतो. मळ्यावरच्या मजुराचा आक्रोश आला कीं आमची अभिरुचि दुखावते. ही अभिरुचि नव्हे, हा जातिवंत आळस आहे.

रोचच्या प्रत्येक कृतीची वकिली करण्याचा आमचा हेतु नाहीं. १९६१ च्या मे महिन्यांत कार्नेगी हॉलमध्यें माइल्स डेव्हिस याची मैफल आफ्रिकेच्या मदतीस झटणाऱ्या एका संस्थेच्या साह्यार्थ चालली होती. त्या संस्थेच्या धोरणावर रोचचा रोष होता. तो घोषणेचा फलक घेऊन रंगमंचाच्या कडेस जाऊन बसला. डेव्हिस वादन थांबवून आंत निघून गेला, आणि मग परत आला. मित्राच्या मैफलींत असा अडथळा आणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. फलकावरचें वाक्य न्याय्य असलें तरी तो प्रसंग संगीताचा नव्हता. पण यावरूनच आमचा मुद्दा सिद्ध होतो. रोचनें ज्या वेळीं फलक धरिला त्या वेळीं तो वादांत सांपडला. ज्या वेळीं तीच गोष्ट तालांत बांधली त्या वेळीं ती टिकली. म्हणजे कलावंतानें बोलूं नये असा निष्कर्ष निघत नसून, त्यानें आपल्या भाषेंत बोलावें असा निघतो. ढोल ही त्याची भाषा होती.

शेवटीं व्यवहाराची एक गोष्ट. ताल हा गौण मानण्याचा परिणाम केवळ मानापुरता राहत नाहीं, तो पैशांतहि दिसतो. गाण्याचा कर्ता म्हणून ज्यास स्वामित्वधन मिळतें तो चाल अथवा शब्द रचणारा असतो. ज्याच्या ठेक्यामुळें तें गाणें चाललें त्यास सहसा त्या दिवसाची मजुरी मिळते. रोच आणि चार्ल्स मिंगस यांनीं १९५२ सालीं 'डेब्यू' ही स्वतःची तबकड्यांची कंपनी काढली, ती आपल्या श्रमाचें फळ आपल्या हातीं राहावें म्हणून. ड्रमवादक आणि कॉन्ट्राबासवादक, म्हणजे मागल्या रांगेंतील दोघे, मालक होण्यास निघाले, ही गोष्ट लहान नव्हे. आमच्याकडेहि साथीदाराचें नांव पत्रिकेवर बारीक अक्षरांत छापण्याची आणि त्याची बिदागी शेवटीं ठरविण्याची रीत अद्याप सर्वत्र गेलेली नाहीं. ज्या घरांत मुलास तबला शिकण्यास पाठवितात, पण 'पोटापुरतें कांहीं दुसरें कर' असें त्यास रोज बजावितात, त्या घराचा दोष नाहीं. श्रोत्यांनीं साथीदाराची जी किंमत ठरविली आहे ती त्या घरास ठाऊक असते.

रोच २००७ च्या ऑगस्टमध्यें त्र्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. सहा दशकें त्यानें ताल धरिला, आणि ताल धरीत असतांच तो बोलत राहिला. त्याचें सर्वच बोलणें मधुर नव्हतें. तें तसें असावें अशी अपेक्षाहि आम्ही करीत नाहीं. आमची मागणी साधी आहे. संगीतावर लिहिणारांनीं साथ 'बरी' झाली एवढ्यावर न थांबतां तालवादकानें काय म्हटलें तें सांगावें. मैफली भरविणारांनीं त्याचें नांव गायकाच्या बरोबरीच्या अक्षरांत छापावें. आणि आम्हां श्रोत्यांनीं पुढल्या वेळीं गायक श्वास घेण्यास थांबला म्हणजे पानाचा डबा उघडूं नये. त्या वेळीं दुसरा कलावंत बोलत असतो.