वणवानिवारणाच्या ड्रोन-पथकास प्रमुख नेमण्याबाबत निवेदन

मा. मुख्य वनसंरक्षक,
इंदूर वनवृत्त, इंदूर
यांचे सेवेशी

विषय : इंदूर वनमंडलात वणवानिवारणासाठी ड्रोन-पथक उभारून त्यावर एका जबाबदार प्रमुखाची नेमणूक करणेबाबत.

महोदय,

सविनय सादर निवेदन ऐसे की, मध्यप्रदेशात वणव्याची म्हणून जी मुदत सरकारी दप्तरी धरली जाते ती १५ फेब्रुवारीस सुरू होऊन १५ जूनला संपते, आणि ती सुरू होण्यास आता थोडेच आठवडे उरले असल्यामुळे, आम्ही खाली सह्या करणारे इंदूर शहरातील व महू तालुक्यातील मराठीभाषक रहिवासी – ज्यांत निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत, आणि रविवारी चोरलच्या खोऱ्यात पायपीट करणारी तरुण मंडळीही आहेत – ही दरखास्त आपल्यापुढे ठेवीत आहोत. निवेदन मराठीत का, असे आपल्या कचेरीत कोणी विचारील तर त्याला उत्तर इतकेच की, होळकर दरबाराचे दप्तर ज्या भाषेत लिहिले जाई त्या भाषेत या शहरातल्या माणसाने दाद मागावी यात नवल ते काय. तथापि कारभाराच्या सोयीसाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

आपल्यालाच आपल्या वनाचे वर्णन ऐकविणे हा उद्धटपणा होईल हे आम्ही जाणतो. परंतु आमची मागणी या भूमीच्या घडणीतून निघालेली असल्याने तेवढी आगळीक करणे भाग आहे. माळव्याचे पठार जेथे संपते आणि विंध्याचा कडा निमाडाच्या दिशेने तुटून खाली उतरतो, तेथे चोरल, महू व मानपूर या परिक्षेत्रांतली साग, पळस, तेंदू, सालई आणि मोह यांची पानझडी राने शिशिरात आपला सारा पर्णसंभार जमिनीवर टाकतात, आणि फाल्गुनात त्या पाचोळ्याला ठिणगी लागली म्हणजे जी आग निघते ती परदेशच्या चित्रफितींत दिसणाऱ्या, शेंड्यावरून शेंड्यावर उड्या घेणाऱ्या ज्वालांसारखी नसून, गुडघाभर उंचीची, जमिनीलगत सरपटणारी, दुरून धुराच्या एका पुसट रेघेपलीकडे न दिसणारी अशी असते. ती प्रौढ सागाला मारीत नाही म्हणून तिच्याकडे काणाडोळा करण्याचा शिरस्ता पडला आहे. पण ती रोपटे जाळते, जमिनीवरची अंडी व पिले जाळते आणि उताराची माती उघडी टाकून जाते.

ही आग बहुधा माणूसच लावतो, आणि बहुधा दुष्टाव्याने लावीत नाही. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचणाऱ्या बाईला पाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून ती झाडाखालचा पाला जाळते, आणि आग विझली असे समजून ती घरी गेली म्हणजे मागची राख दुपारच्या वाऱ्याने पुन्हा जागी होते. तेंदूला कोवळी पाने लवकर फुटावीत म्हणूनही रान पेटविले जाते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाखाली राखीव वनास आग लावणे हा गुन्हा आहे आणि ७९ व्या कलमाने वनात हक्क भोगणाऱ्या प्रत्येकावर आग विझविण्यास मदत करण्याचे बंधन आहे. परंतु कलमे कागदावर जितकी धारदार असतात तितकी उतारावर राहत नाहीत, आणि झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्याचा साधा उपाय दंडापेक्षा अधिक गुणकारी ठरेल, असे आमचे मत आहे.

आता उपग्रहाविषयी. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्याची सूचना देते, ती आज बीटच्या नाकेदाराच्या, म्हणजे वनरक्षकाच्या, मोबाइलपर्यंत पोहोचते, आणि ही सोय थोर आहे यात शंका नाही. पण तिच्या मर्यादा ध्यानात न घेता तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. २०१७ पासून वापरात असलेल्या व्हीआयआयआरएस या यंत्रणेचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा असतो. शहराच्या वेशीवरचे, होळकरांच्या शिकारखान्यामुळे प्रसिद्ध असलेले व १९८९ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले राळामंडल उणेपुरे २३४ हेक्टरांचे आहे. म्हणजे उपग्रहाच्या दृष्टीने ते सारे अभयारण्य, त्यातल्या बिबट्यांसह, जेमतेम सतरा ठिपक्यांत मावते, आणि एवढ्या जाड लेखणीने आगीची कड रेखाटता येत नाही. शिवाय हे उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या व मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात, त्यामुळे दुपारी चारला लागलेली आग त्यांच्या दृष्टीस पडेपर्यंत निम्मी टेकडी काळी झालेली असते.

या दोन खेपांमधल्या वेळात पाहणारा डोळा म्हणजे ड्रोन. परंतु येथे एक भ्रम दूर करणे आमचे कर्तव्य आहे, कारण यंत्रे विकणारे लोक तो मोठ्या हौसेने पसरवितात. ड्रोनने वणवा विझत नाही. शेतात फवारणी करणारा ड्रोन दहा-एक लिटर पाणी उचलतो, आणि तेवढ्याने मोहाचे एक जळते खोड नीट भिजत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनितालच्या डोंगरांवर हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे भीमतालचे पाणी हजारो लिटरांनी उचलीत होती, तरी जमिनीवरची माणसे सुटली नाहीत. आपल्या रानातली आग विझते ती जाळरेषेने, ब्लोअरने आणि हिरव्या फांद्यांच्या झोडपण्याने. ड्रोनचे काम ते झोडपणारे हात योग्य जागी नेऊन उभे करण्याचे, आणि वारा फिरला तर त्यांना वेळीच मागे बोलावण्याचे. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने वेढलेल्या गिर्यारोहकांपैकी विसाहून अधिक जणांचे जीव गेले, त्या दुर्घटनेचे स्मरण झाले म्हणजे या दुसऱ्या कामाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

हेही काम कोणालाही जमेल असे नाही. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा धुरापलीकडचे पाहतो हे खरे. पण चैत्र-वैशाखातल्या दुपारी विंध्याचा काळा कातळच इतका तापलेला असतो की पडद्यावर खडक आणि निखारा एकाच रंगाचे दिसतात, आणि नवखा चालक विझलेल्या टेकडीवर माणसे धाडून बसतो. खडक निवतो तो पहाटे. तेव्हा खोडात दडलेली धग काळ्या पटावर पांढऱ्या मोहरीसारखी उठून दिसते. दिवसा वारा उतारावरून वर चढतो, रात्री खाली घसरतो. खोऱ्यात उभे राहून उडविले तर मधली धार आडवी येऊन यंत्राचा संदेश तुटतो, म्हणून उड्डाण धारेवरूनच केले पाहिजे. बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास टिकते, कडक उन्हात त्याहून कमी. हे ज्ञान पुस्तकातून थोडे आणि रानातून पुष्कळ मिळते, म्हणूनच आमच्या मागणीचा भर यंत्रापेक्षा माणसावर आहे.

एक प्रसंग नमूद करतो. मागील उन्हाळ्यात एका सायंकाळी आमच्यापैकी चौघांना चोरल खोऱ्याच्या वरच्या धारेवरून समोरच्या उतारावर धूर दिसला. त्यांनी एका कचेरीस फोन केला, तेथून दुसरीकडे बोट दाखविले गेले, दुसरीने तिसरीकडे. अखेर काही नाकेदार व खालच्या गावचे लोक आपणहून आले, परंतु तोवर अंधार पडला होता, आणि ज्या ओढ्याच्या काठाने ते चढले तिकडे आगीची पाठ होती, तोंड नव्हते. त्या चौघांतल्या एकाच्या गाडीत लग्नसमारंभाचे चित्रण करणारा ड्रोन पडलेला होता. तो उडवावा असे प्रत्येकाच्या मनात आले आणि कोणीही तो उडविला नाही, कारण उडविणे कायदेशीर आहे काय, दिसेल ते सांगायचे कोणाला, आणि आपल्या सांगण्यावरून कोणी चुकीच्या बाजूस गेला तर जबाबदार कोण, यांपैकी एकाही प्रश्नास उत्तर देणारा मनुष्य त्या डोंगरावर हजर नव्हता. यंत्र दहा पावलांवर होते. कोणास दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण त्या रात्रीपासून आमची ही मागणी सुरू झाली.

सबब आमची मुख्य प्रार्थना अशी की, आपण वनमंडलात ड्रोन-पथक स्थापन करताना प्रथम त्याचा प्रमुख नेमावा आणि यंत्रांची खरेदी त्याच्या नेमणुकीनंतर, त्याच्या शिफारशीने करावी. हा प्रमुख उपवनमंडलाधिकाऱ्याच्या दर्जाचा असावा. त्याने आधी रानातली आग पाहिलेली असावी व उड्डाण नंतर शिकलेले असावे, कारण उडविणे काही आठवड्यांत शिकता येते, वणव्याची चाल ओळखण्यास वर्षे लागतात. आणि लागोपाठ तीन हंगाम त्याची बदली होऊ नये, कारण पहिला हंगाम त्याचा चुका करण्यात जाईल, दुसरा त्या सुधारण्यात, आणि तिसऱ्यात कोठे सरकारास त्याचा खरा उपयोग होईल. त्याच्या हाताखालच्या प्रत्येक तुकडीत एक चालक, केवळ आकाशावर नजर ठेवणारा एक साहाय्यक, आणि पडद्यावरचे चित्र नकाशावर उतरवून वायरलेसवर थेट बीटच्या नाकेदाराशी बोलणारा तिसरा, असे तीन असामी असावेत. तिसऱ्यावर खर्च होतो म्हणून त्याला गाळण्याचा मोह आवरावा, कारण चित्र पाहिले पण कळविले नाही तर ते न पाहिल्यासारखेच आहे. उड्डाण रोखण्याचा अधिकार प्रमुखास बिनशर्त असावा, आणि वरून कितीही मोठ्या हुद्द्याचा हुकूम आला तरी वाऱ्याच्या झोतात ड्रोन उडविण्यास नकार दिल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली आपत्तीच्या ठिकाणी एकाच व्यक्तीच्या हाती सूत्रे असण्याची जी पद्धत आखून दिली, तिच्यात या पदास निश्चित जागा द्यावी.

खर्चाच्या बाबतीत एवढेच मागणे आहे की, हंगामापुरती एक रक्कम तसलमात म्हणून त्याच्या हवाली असावी, कारण मोडलेल्या पात्यासाठी फाईल भोपाळपर्यंत जाऊन येईतो आग वाट पाहणार नाही ही गोष्ट हिशेबनिसांच्याही ध्यानात येईल. खरेदीत सुटे भाग देशात मिळतील अशीच यंत्रे घ्यावीत. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीस बंदी आहे, आणि सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अमेरिकेच्या अंतर्गत कारभार खात्याने २०२० च्या जानेवारीत परकी भागांच्या संशयावरून आपले शेकडो ड्रोन, संकटप्रसंग वगळता, एका हुकुमाने जमिनीवर बसविले, हा दाखला बोलका आहे.

आकाशाच्या बंदोबस्ताचा प्रश्न नाजूक आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे तीन पट्टे पाडले. आपल्या एका अंगास देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, दुसऱ्या अंगास महूची लष्करी छावणी, म्हणून विमानतळाचा नियंत्रण कक्ष व लष्करी अधिकारी यांच्याशी १५ फेब्रुवारीपूर्वीच लेखी तजवीज करून ठेवावी. आग लागल्यावर परवानगीची याचना करीत बसणे हास्यास्पद होईल. पाताळपाणी व चोरल येथे सहलीस येणारे हौशी लोक खाजगी ड्रोन उडवितात, त्यांना वणव्याच्या जागी सक्त मनाई असावी. ९ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियात पॅलिसेड्सच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखास अशाच एका हौशी माणसाचा ड्रोन आदळून भोक पडले, आणि ऐन आगीत ते विमान कित्येक दिवस जमिनीवर राहिले.

आणखी एक शर्त आम्ही आग्रहाने घालतो, आणि ती मान्य नसेल तर हे पथक न झालेले बरे असे आमच्यातील काहींचे म्हणणे आहे. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात प्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे व ड्रोन रानात सरपण-गवतासाठी जाणाऱ्या बायकांवर नजर ठेवण्यास व त्यांना धाकात ठेवण्यास वापरले गेल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आपल्या रानातही भिल्ल, भिलाला, बारेला बायका भल्या पहाटे मोहाखाली असतात, आणि ड्रोनची उत्तम वेळ तीच पहाट आहे. तेव्हा आगीखेरीज टिपलेली माणसांची चित्रे ठराविक मुदतीत नष्ट करावीत, ती कोणत्याही फौजदारी कारवाईत पुरावा म्हणून वापरू नयेत, आणि प्रत्येक गावच्या वन समितीस हंगामापूर्वी ड्रोन प्रत्यक्ष दाखवून, पडद्यावर काय दिसते ते पाहू द्यावे. शक्य तर त्याच गावांतून चालक घ्यावेत. २०२३ साली जाहीर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशातील १५,००० महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याचा संकल्प आहे. वनालगतच्या गावांतली अशी शिकलेली बाई आपल्या टेकडीवरचा धूर ओळखण्यात शहरी तंत्रज्ञास सहज मागे टाकील. सिमरोल येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था वनाच्या शेजारीच आहे; प्रशिक्षणास तिचे साहाय्य मागावे.

१४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजच्या टेकडीवर या शहराने एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम केला, त्यात आमच्यापैकी पुष्कळांनी आपल्या हाताने खड्डे बुजविले आहेत. त्या रोपांभोवतीचे गवत आता गुडघ्याच्या वर वाळले आहे. पथकाचे पहिले सरावाचे उड्डाण त्या टेकडीवर, पहाटे पाचला, खडक निवलेला असताना व्हावे, आणि त्या वेळी तेथे हजर राहण्याची आम्हांस परवानगी मिळावी, अशी विनंती आहे.

कळावे.

आपले नम्र,
खाली सह्या करणारे अर्जदार
इंदूर, जानेवारी २०२६

सोबत : हिंदी प्रत.
प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, इंदूर, मा. वनमंडलाधिकारी, इंदूर.