'सेफ एरिया' म्हणजे नेमकं कुणासाठी?

गेल्या महिन्यात आईनं फर्मान सोडलं, "मी आणि मावशी दोघीच वेरूळ-अजिंठा बघायला जाणार. तू फक्त हॉटेल बघून दे." दोघीही साठीच्या पुढच्या. बरोबर बाबा किंवा काका नसताना आजवर कल्याणच्या पुढे गेलेल्या नाहीत. मी म्हटलं, त्यात काय! दिवसभर क्वेऱ्या लिहून पोट भरणारा माणूस मी. भाडं दोन ते तीन हजार, रेटिंग चारच्या वर, एरिया सेफ आणि शहराच्या मध्यभागी. एंटर!

पहिली गोची झाली ती 'मध्यभागी' या शब्दाची. छत्रपती संभाजीनगरला (आईच्या तोंडी अजून औरंगाबादच) मध्य आहेत तरी किती? जुन्या लोकांचा मध्य गुलमंडी. नोकरदारांचा क्रांती चौक आणि जालना रोड. विमानानं येणाऱ्याला सिडको बरं, कारण चिकलठाणा विमानतळ त्याच बाजूला. आणि एस.टी.नं फिरणाऱ्याचा मध्य म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. वेरूळ वायव्येला साधारण ३० किलोमीटर, दौलताबादचा किल्ला त्याच वाटेवर. अजिंठा ईशान्येला, तब्बल १०० किलोमीटर. तेव्हा 'केंद्रापासून सव्वा किलोमीटर' असं दिसलं की कुणाच्या केंद्रापासून, हे आधी विचारावं. आमच्या मंडळींना रेल्वे स्टेशन ते मध्यवर्ती बसस्थानक हा पट्टा सोयीचा होता.

आता 'सेफ'. देवगिरी एक्सप्रेस पोचते पहाटे चारच्या सुमारास आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी बाराला. म्हणून फोन लावला. यादीतलं सगळ्यात वरचं हॉटेल, 'सेफ फॅमिली एरिया' असं ठळक लिहिलेलं.

"सोबत जेंट्स कोण आहेत?"

"कोणी नाही."

"सॉरी सर, सिंगल लेडीजना आम्ही रूम देत नाही."

"अहो, सिंगल कुठे? दोन आहेत. आणि त्यातली एक माझी आई आहे!"

"पॉलिसी आहे सर. फॅमिली एरिया आहे ना."

फोन ठेवल्यावर आधी हसू आलं, मग संताप. पुरुष सोबत नसेल तर बाईला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. प्रत्येकीचं ओळखपत्र दाखवलं, नोंद केली, विषय संपला. तरीही असं उत्तर मिळतं, कारण त्या पाटीवरची सुरक्षितता पाहुण्याची नसतेच. ती हॉटेलवाल्याची असते. उगाच झंझट नको, एवढाच तिचा अर्थ. पहाटे चार वाजता दोन बायकांना रस्त्यावर ठेवून एरिया सेफ राहतो, हे लॉजिक काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

ऑफिसात विचारलं तर दुसरीच तऱ्हा. "तो भाग टाळ रे." का? तर उत्तर नाही. दोनदा खोदून विचारल्यावर कळलं की तिथे काय घडतं यापेक्षा तिथे कोण राहतं, यावरून मत बनलंय. म्हटलं, ही माहिती नव्हे.

शेवटी माझी क्वेरी मीच पुन्हा लिहिली. रात्रभर रिसेप्शनला माणूस जागा असतो का? स्टेशनपासूनचा रस्ता उजेडाचा, वर्दळीचा आहे का? पहाटे खोली मिळेल का आणि त्याचे जादा किती? आणि इथला खास प्रश्न: पाणी चोवीस तास आहे का? मलिक अंबरनं सतराव्या शतकात जमिनीखालून नहरी काढून ज्या शहराला पाणी पाजलं, तिथे जायकवाडी जेमतेम ५० किलोमीटरवर असूनही लोकांनी काही-काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट बघितली आहे. बोअर की टँकर, हे विचारायला लाजू नये. बिलही नीट बघावं. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, म्हणजे अडीच हजारांमागे १७५ रुपयांचा फरक. रिक्षा सुटली :)

चौथ्या फोनला एक काका भेटले. म्हणाले, "चारला येतात ना? गाडी लेट झाली तर फोन करायला सांगा, मी जागाच असतो. आणि सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ बंद असतं, तसं ठरवा." रेटिंग ३.८. माझ्या फिल्टरमध्ये हे हॉटेल आलंच नव्हतं.

शनिवारी पहाटे साडेचारला आईचा फोन. "पोचलो. चहा घेतोय. झोप आता." आवाजात असा काही रुबाब होता की बस्स!

तेव्हा मंडळी, फिल्टर लावा, जरूर लावा. पण शेवटचा फोन स्वतः करा, आणि ज्याला तिथे राहायचंय त्याच्या बाजूनं प्रश्न विचारा. असो. दोघी आता हंपीचं विचारतायत.