कडवंचीचा कर्ता कोण?

२०१२-१३ च्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागांवर स्वहस्ते कुऱ्हाड चालविली. त्याच उन्हाळ्यात जालना तालुक्यातील कडवंचीचे द्राक्षमळे मात्र तग धरून होते. तेव्हापासून हे गाव पाहावयास येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : हे कोणी केले? आपल्या समाजाला कर्तृत्वाच्या मागे एक चेहरा लागतो. तो सापडला की हार घालून घरी जाता येते.

१९९६ च्या सुमारास भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली येथे काम सुरू झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व विजयअण्णा बोराडे यांचा त्यातील वाटा नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु पाणलोटाच्या कामाचे अर्थशास्त्रच असे आहे की, ते एकट्या पुढाऱ्याच्या हुकमाने होत नाही. काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे लागते. सलग समतल चर खणावयाचे ते माथ्यावरच्या माणसाच्या रानात, आणि पाणी चढावयाचे ते पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीत! एकाने झीज सोसावी व दुसऱ्याच्या पदरी लाभ पडावा, हा व्यवहार बाजार जुळवून देत नाही आणि सरकारी फतव्यानेही तो टिकत नाही. त्यासाठी माणसांना समोरासमोर बसून एकमेकांना शब्द द्यावा लागतो. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व गावाची पाणलोट समिती या अटी कार्यक्रमाने घातल्या त्या याचसाठी. नेतृत्व म्हणावयाचे तर ते या समितीच्या बैठकीत होते.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. चराईबंदीची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही, चार शेळ्याच आहेत, त्याचे रान बंद झाले; त्याच्या मालकीची विहीर नव्हतीच, तेव्हा वाढलेल्या पाण्यातून त्याला मिळाली ती फार तर मजुरी. पाणलोटाच्या यशोगाथांत हा माणूस सहसा भेटत नाही.

काम संपल्यावर आलेल्या शेततळ्यांनी दुष्काळात बागा जगविल्या, हे खरे. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने तर ती राज्यभर नेली. पण अनेक गावांत प्लास्टिकचे अस्तर घातलेली ही तळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरली जात नाहीत. विहिरी व विंधनविहिरींचे पाणी पंपाने उपसून ती भरतात. म्हणजे गावाने एकत्र येऊन जमिनीत जिरविलेले पाणी ज्याचा पंप मोठा त्याच्या कुंपणाआड जाते, आणि वर उघड्यावर उन्हाने उडूनही जाते. संचय सामुदायिक, उपसा खाजगी! सहकारी साखर कारखानदारीत मराठी माणसाने हा प्रकार एकदा पाहिलेला आहे.

जिरविण्यासाठी समिती आणि वापरासाठी ज्याचा तो मुखत्यार, ही विसंगती आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये पाणलोट क्षेत्राच्या पातळीवर जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. पण कागदावरच्या तरतुदीने विहिरीचा उपसा थांबत नाही. जालना जिल्ह्यातील पुरोगामी कार्यकर्त्यांनी यंदा हे काम अंगावर घ्यावे. पाऊसकाळ सरताच ग्रामसभेत विहिरींची पातळी जाहीर वाचावी, पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावे, उरलेल्यातून कोणी किती तळे भरावयाचे ते सर्वांसमक्ष ठरवावे. त्या सभेत भूमिहीनांना आणि पाणी वाहणाऱ्या स्त्रियांना बागायतदाराइतकेच मत असले पाहिजे. मोठे बागायतदार प्रथम विरोध करतील. त्यांना एवढेच विचारावे की, माथ्यावर चर खणले गेले तेव्हा त्या रानाच्या मालकाने आपल्या विहिरीचा हिशेब मागितला होता काय?